संग्रहालयांतील चहा

विषय वाचून कित्येक पालक हंसतील. संग्रहालयांत जावयाचें तें जुन्या वस्तु पाहण्यास. चहा तर कोपऱ्यावरच्या हॉटेलांतही मिळतो! आम्हांसही आरंभीं असेंच वाटत होतें. परंतु मागें एकदां एका वर्गास घेऊन आम्ही भायखळ्याच्या संग्रहालयांत गेलों होतों. दुसऱ्या दिवशीं मुलांकडून निबंध लिहवून घेतले. मातीच्या बाहुल्या, जुन्या मुंबईचे नकाशे, दाराजवळचा दगडी हत्ती यांचा उल्लेख अनेकांनीं केला होता. तथापि बाहेर सावलींत बसून काय खाल्लें, कोणीं कोणाचा डबा पळविला आणि थंड पाणी कोठें मिळालें, हें मात्र बहुतेक सर्वांनीं लिहिलें होतें. प्रथम आम्हांस राग आला. मग विचार करतां असें दिसून आलें कीं, मुलांचें कांहीं चुकलें नव्हतें. दोन तास उभें राहून पाहिलेल्या गोष्टी मनांत मुरावयास बसावें लागतें, आणि बसल्यावर मनुष्य कांहींतरी खातो, कांहींतरी बोलतो. संग्रहालयाचें उपाहारगृह हें संग्रहालयाचेंच एक दालन होय. फरक इतकाच कीं, तेथील वस्तूंस हात लावावयास मुभा असते.

तेव्हां अशा दालनाची डागडुजी कशी करावी, त्यांतलें काय ठेवावें व काय टाकावें, हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. आजकाल ‘पर्यावरणपूरक नूतनीकरण’ हा शब्द जिकडे तिकडे ऐकूं येतो. त्याचा अर्थ काय, तें आपल्या शेजारच्याच उदाहरणावरून पाहूं.

हें संग्रहालय आम्हां माझगांवकरांस परकें नाहीं. राणीचा बाग, म्हणजे आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, ज्या जमिनीवर वसला ती मूळची माझगांवच्या माउंट इस्टेटींतली. बाग १८६२ सालीं खुला झाला, व त्याच वर्षीं संग्रहालयाच्या इमारतीची कोनशिला बसली. त्यापूर्वीं १८५७ सालीं किल्ल्यांतील टाउन बराकींत एक लहानसा संग्रह मांडण्यांत आला होता. नव्या इमारतीसाठीं नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनीं पुष्कळ खटपट केली, आणि २ मे १८७२ रोजीं ती लोकांस खुली झाली. तिचें नांव त्या वेळीं ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियम’ असें होतें. येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. लंडनमधील जें संग्रहालय आज याच नांवानें जगभर ओळखलें जातें, त्यास तें नांव १८९९ सालीं मिळालें. तोंपर्यंत तें ‘साउथ केन्सिंग्टन म्यूझियम’ होतें. म्हणजे नांवाच्या बाबतींत आमच्या भायखळ्यानें लंडनवर सत्तावीस वर्षांनीं आघाडी मारली! १९७५ सालीं आमच्या संग्रहालयाचें नांव बदलून डॉ. भाऊ दाजी लाड यांचें ठेवण्यांत आलें.

नांवांत आपण पुढें असलों, तरी चहाच्या बाबतींत लंडनला मान दिला पाहिजे. प्रेक्षकांसाठीं आपल्या आवारांतच उपाहारगृह काढणारें जगांतील पहिलें संग्रहालय म्हणून साउथ केन्सिंग्टनचें नांव घेतलें जातें. हेन्री कोल नांवाचे तेथील संचालक मोठे खटपटी गृहस्थ होते. भुकेल्या पोटीं कलेचें दर्शन घडत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें व १८६० नंतरच्या दशकांत तीन दालनें उपाहारासाठीं सजविलीं. एकाच्या सजावटीचें काम त्या वेळीं तरुण असलेल्या विल्यम मॉरिस यांच्या मंडळीकडे होतें; दुसऱ्यांत एडवर्ड पॉइंटर यांनीं निळ्या चित्रित फरशा बसवून घेतल्या; तिसरें, मधलें, जेम्स गॅंबल यांच्या चिनी मातीच्या खांबांनीं व भिंतींनीं नटलें. भिंतींस चिनी मातीच्या फरशा लावण्यांत केवळ शोभा नव्हती. तेलाचा, धुराचा व बोटांचा डाग ओल्या फडक्यानें पुसतां यावा, हा त्यांतला हिशेब. पुढें बराच काळ हीं दालनें त्या कामीं वापरांत राहिलीं नाहींत. २००६ सालीं तीं साफसूफ करून पुन्हां उपाहारगृह म्हणून उघडण्यांत आलीं. नवें कांहीं बांधावें लागलें नाहीं. जुन्याची धूळ झटकावी लागली. शंभराहून अधिक वर्षें टिकलेली फरशी ती आणखी शंभर टिकेल, असा भरंवसा धरावयास हरकत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. विसाव्या शतकाच्या अखेरीस भायखळ्याच्या या वास्तूची दशा फार वाईट झाली होती. २००३ सालीं मुंबई महानगरपालिका, ‘इन्टॅक’ ही वारसा जपणारी संस्था व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यांत करार होऊन जीर्णोद्धारास आरंभ झाला. वास्तुशिल्पी विकास दिलावरी यांच्या देखरेखीखालीं काम चाललें. रंगाच्या पुटांखालीं दडलेलें मूळचें रंगकाम व नक्षी शोधून काढण्यांत आली. ओतीव लोखंडाचे खांब, लांकडी कपाटें, मिंटन कारखान्याच्या फरशा यांपैकीं जें जें वांचविण्यासारखें होतें तें वांचविलें. या कामास २००५ सालीं युनेस्कोचें आशिया-पॅसिफिक विभागाचें सर्वोच्च वारसा-पारितोषिक मिळालें, आणि २००८ सालीं संग्रहालय पुन्हां खुलें झालें. (त्याच विभागाचें आणखी एक पारितोषिक २०२२ सालीं आमच्या भायखळा स्टेशनास मिळालें. दररोज त्या फलाटावर धक्के खाणाऱ्यांस याची कल्पना असेलच असें नाहीं!) संग्रहालयाच्या मागील आवारांत पुढें कार्यक्रमांसाठीं चौक, विक्रीचें दुकान व उपाहारगृह यांची सोय करण्यांत आली.

उपाहारगृह मुख्य इमारतीच्या बाहेर, मागल्या अंगणांत असावें, यांत मोठें शहाणपण आहे. पुष्कळांस वाटतें कीं दालनाच्या मध्यभागींच चहाची टेबलें मांडलीं तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. जेथें पावाचा चुरा सांडतो तेथें झुरळ येतें, झुरळामागून उंदीर. हे पाहुणे चुऱ्यावर थांबत नाहींत. जुना कागद, खळ लावलेलें कापड, पुस्तकाच्या बांधणींतला सरस, सर्व त्यांस गोड लागतें. शिवाय किटलींतून निघणारी वाफ. मुंबईची हवा आधींच ओली. तींत स्वयंपाकाची वाफ मिसळली कीं चित्रावर बुरशी धरावयास वेळ लागत नाहीं. म्हणून संग्रहालयाच्या उपाहारगृहाची दुरुस्ती करतांना पहिला पैसा मोरीवर, जाळ्यांवर, धुराड्यावर व कचऱ्याच्या झांकणावर खर्च व्हावा. दिव्यांच्या झुंबरांचा विचार मागाहून केला तरी चालतो. दुर्दैवानें मोरीचा फोटो कोणी काढीत नाहीं.

येथें आम्हांस एक जुनी हळहळ नमूद करावीशी वाटते. कांहीं वर्षांपूर्वीं एका सार्वजनिक संस्थेच्या वाचनालयास लागून असलेल्या लहानशा उपाहारगृहाचें नूतनीकरण झालें. संस्थेचें नांव घेण्याचें कारण नाहीं. असें सर्वत्र चालतें. तेथें संगमरवरी पाटाचीं टेबलें होतीं, सागवानी कपाट होतें, आणि गोल वेताच्या बैठकीच्या, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या होत्या. एके दिवशीं जाऊन पाहतों तों सर्व सामान फुटपाथावर आणि लॉरी उभी! महिनाभरानें आंत गेलों तेव्हां भुशाच्या दाबीव फळ्यांचीं टेबलें व प्लास्टिकच्या बैठकी मांडलेल्या होत्या, आणि दारावर पाटी होती कीं, येथें पर्यावरणाची काळजी घेतली जाते, कारण चमचे बांबूचे आहेत. एका पावसाळ्यांत त्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या व त्यांच्या कडा सुटल्या. चमच्यांचें काय झालें तें आम्हीं विचारलें नाहीं.

त्या लॉरींतल्या खुर्च्यांपैकीं दोन आम्हीं तेथल्या तेथें विकत घेतल्या. या खुर्चीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मिखाएल थोनेट नांवाच्या कारागिरानें बीच झाडाचें लांकूड वाफेवर मऊ करून लोखंडी सांच्यांत वांकविण्याची युक्ति काढली आणि १८५९ सालीं ऑस्ट्रियांत आपली चौदा नंबरची खुर्ची बाजारांत आणली. तिचे लांकडी भाग अवघे सहा. ते जोडावयास दहा स्क्रू व दोन नट. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर पेटींत मावत, म्हणून ती जहाजानें देशोदेशीं गेली. आपल्या इराणी हॉटेलांतील काळसर, गोल पाठीच्या खुर्च्या या याच घराण्यांतल्या. स्क्रू ढिला झाला तर पिळावा, एक पाय मोडला तर तेवढाच बदलावा, वेत फाटला तर नवा विणून घ्यावा. सबंध खुर्ची टाकण्याचा प्रसंगच येऊं नये अशी तिची रचना. आमच्या खुर्च्यांचा वेत विणून देणारे गृहस्थ दृष्टिहीन होते. अंधशाळांतून वेतकाम शिकविण्याचा प्रघात आपल्या देशांत फार जुना आहे. त्यांचीं बोटें बैठकीच्या भोंकांवरून फिरत होतीं व ओल्या वेताची एकेक पट्टी आडवी, उभी, मग तिरपी अशी ओवली जात होती. आमचीं मुलें तास दीड तास हलल्याशिवाय तें पाहत बसलीं. फळीची खुर्ची विकत घेतली असती तर हें घडतें ना.

आतां हिशेबाची गोष्ट. ‘जुनें राखलें तर निसर्ग कसा राखला जातो?’ असें एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें. त्याचें उत्तर असें. वीट भाजतांना जें इंधन जळावयाचें तें जळून गेलें. सागाचें झाड तोडावयाचें तें तोडून झालें. मुंबईच्या जुन्या चाळींत व कचेऱ्यांत जें ब्रह्मी सागवान दिसतें, त्याच्या व्यापारासाठीं ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी १८६३ सालीं येथेंच स्थापन झाली. तसें जून लांकूड देणारे वृक्ष आज पैसे मोजूनही सहसा मिळावयाचे नाहींत. तें लांकूड भंगारांत घालून त्या जागीं नवी फळी आणणें म्हणजे एकदां केलेला खर्च समुद्रांत लोटून तोच पुन्हां करणें होय. सिमेंटचेंही तसेंच. तें सुमारें १४५० अंश उष्णतेवर भाजावें लागतें, आणि जगांतील कर्बवायूच्या एकंदर उत्सर्गापैकीं सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या नांवावर जमा आहेत. चुनकळी सुमारें ९०० अंशांवर भाजते, आणि भिंतीवर लागलेला चुना सुकतां सुकतां हवेंतला तोच वायु थोडाफार परत शोषून घेतो. जुन्या भिंतीस चुन्याचाच गिलावा हवा, याचें आणखी एक कारण आहे. ती भिंत श्वास घेते. आंतली ओल बाहेर टाकते. तिजवर सिमेंट थापलें कीं ओल आंत कोंडते, आणि दोन पावसाळ्यांनीं पोपडे पडूं लागतात. आपल्या घरांच्या भिंती पाहिलेल्या पालकांस हें समजावून सांगावयास नको.

तेव्हां उपाहारगृह सुधारावयाचें तर आम्ही म्हणूं कीं, प्रथम एक वही घ्यावी व तेथें असलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद करावी: खिडकी किती, खुर्ची किती, लादी कोणत्या दगडाची, पंखा चालतो कीं कुरकुरतो. मग प्रत्येकीसमोर लिहावें, ही ठेवावयाची, ही दुरुस्त करावयाची, ही बदलावयाची. खिडक्या उंच असून वारा येत असेल, तर वातानुकूलनाचें यंत्र बसविण्यापूर्वीं त्या खिडक्यांच्या बिजागऱ्यांस तेल घालून पाहावें. कडप्प्याचा ओटा तडकला असेल तर तेवढा तुकडा बदलावा. पेले काचेचे, बशा चिनी मातीच्या असाव्यात व त्या धुवाव्यात. पाण्याचा खर्च वाढतो, असें कोणी म्हणेल. पण दर पेल्यागणिक एक कागदी पेला कचऱ्यांत जाण्यापेक्षां तो खर्च परवडला. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं प्लास्टिकच्या पिशव्या व एकदांच वापरावयाच्या कित्येक वस्तूंवर बंदी घातली. तरीही समारंभानंतरच्या टोपल्या पाहिल्या म्हणजे कायद्याचे हात किती आंखूड पडतात तें दिसतें.

खरें पाहतां, दुरुस्तीची विद्या माझगांवास कोणीं शिकवावी? आमच्या गोदीचा इतिहासच मुळीं १७७४ सालच्या एका लहानशा सुक्या गोदीपासून सुरू होतो. १९३४ सालीं तिची कंपनी झाली, १९६० सालीं ती सरकारनें ताब्यांत घेतली, आणि आतां तेथें युद्धनौका बांधल्या जातात. सुक्या गोदींत जहाज येतें तेव्हां काय करतात, तें ज्यांचे वडील वा आजोबा तेथें कामास होते त्यांनीं घरीं विचारून पाहावें. पाणी उपसून जहाज कोरडें करतात, तळ खरवडतात, हातोडी मारून पत्रा वाजवून पाहतात. जो पत्रा खाल्ला गेला असेल तेवढाच कापून नवा बसवितात. रंग उडाला म्हणून कोणी जहाज मोडीत काढीत नाहीं! आणि जें खरोखरच मोडीत निघालें, त्याचीही वाट येथेंच ठरलेली. दारूखान्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जहाजें फोडलीं गेलीं, व त्यांतलीं दारें, गोल खिडक्या, टेबलें, कपाटें रे रोडच्या बाजूस विकावयास मांडलीं जात. मुंबईंतील कित्येक खानावळींच्या बांकांनीं एके काळीं समुद्रप्रवास केला असावा. जवळच लकडी बंदर, तेथें लांकडाच्या वखारी. ‘जुन्या वस्तूंचा पुनर्वापर’ हा विषय आज परिषदांतून चर्चिला जातो. येथें तो हातगाडीवरून ओढला जात होता.

संग्रहालयाच्या दारीं उभा असलेला दगडी हत्ती तरी दुसरें काय सांगतो? घारापुरी बेटास पोर्तुगीजांनीं ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ हें नांव दिलें तोच हा. तो इंग्लंडास नेण्याच्या खटपटींत पडून फुटला. तुकडे बागेंत आणून टाकले, आणि १९१४ सालीं ते जोडून हत्ती पुन्हां उभा करण्यांत आला. बारकाईनें पाहिलें तर सांधे दिसतात. आमच्या मतें ते दिसतात हेंच चांगलें.

एक गोष्ट मात्र राहिली, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वास्तु सुधारते तेव्हां भावही सुधारतात, म्हणजे चढतात! जुनी खुर्ची नीट विणली, भिंत चुन्यानें सारवली, खिडकींतून वारा आला. मग मालकास वाटूं लागतें कीं आतां ही जागा साधी राहिली नाहीं, तेव्हां दहा रुपयांचा चहा दोनशेंस विकला पाहिजे. साउथ केन्सिंग्टनच्या त्या सुप्रसिद्ध दालनांतही पहिल्या वर्गाचें जेवण निराळें व दुसऱ्या वर्गाचें निराळें असे दोन बेत ठेवलेले होते. त्या काळीं तें उदारपणाचेंच मानलें गेलें असेल, कारण निदान दुसऱ्या वर्गास आंत येण्यास मज्जाव नव्हता. आज पाटीवर वर्ग लिहिलेला नसतो. तो भावपत्रकांत लिहिलेला असतो, व आमच्या शाळेंतला मुलगा तो दारांतूनच वाचून परत फिरतो. जी जागा लांकूड वांचविते, वीज वांचविते, पाणी वांचविते, पण गोदींतल्या कामगारास व त्याच्या मुलांस बसूं देत नाहीं, तिनें काय वांचविलें याचा हिशेब आम्हांस तरी लागत नाहीं. संग्रहालय हें लोकांच्या पैशानें उभें राहिलें आहे. दुरुस्तीचा पैसाही कोणत्या ना कोणत्या वाटेनें लोकांचाच.

यावर उपाय अवघड नाहीं. भावपत्रकांत कितीही महाग पदार्थ असोत, त्यांत एक चहा व एक बटाटावडा रस्त्यावरच्या भावानें असावा. त्यांत तोटा आला तर महागड्या केकनें तो भरून काढावा. थंड पाण्याचा नळ दाराबाहेर, कोणासही न विचारतां वापरतां येईल असा असावा. आणि अंगणांत, शक्य तर एकाद्या जुन्या झाडाखालीं, दोन लांब बांकें ठेवावींत. तीं दारूखान्याकडून आणलेलीं असलीं तर उत्तमच. त्यांवर बसून घरचा डबा खाणाऱ्या मुलांस तेथून कोणी उठवूं नये.